कंटेनर म्हणजे छोटा संगणक नव्हे
कंटेनर म्हणजे स्वतःच्या फायलींसह वेगळी ठेवलेली प्रक्रिया (चालू असलेला प्रोग्राम). तिला स्वतंत्र कर्नल (यंत्रणेचा गाभा) नसतो. ती यजमान (ज्यावर ती चालते त्या) लिनक्सचाच कर्नल वापरते. चाळीतल्या खोल्यांना दारे वेगळी, पाया मात्र एकच, तसे हे आहे. उबंटू लिनक्सवरच्या अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमध्ये ‘यूनेम -आर’ ही आज्ञा दिली, तर उबंटूच्याच कर्नलची आवृत्ती दिसते.

त्यामुळे कंटेनर पूर्ण बंदिस्त असतो, हा समज अपुरा आहे. डॉकर (कंटेनर चालवणारे साधन) बसवल्यावर दरवेळी ‘सुडो’ (सर्वाधिकाराने आज्ञा चालवणे) टाळण्यासाठी वापरकर्त्याला सर्रास ‘डॉकर’ गटात घातले जाते. सोय मोठी, पण नेहमीच्या मांडणीत तो यजमानाची मूळ डिरेक्टरी कंटेनरला जोडून तिथली कोणतीही फाइल बदलू शकतो, म्हणजेच त्याला रूटचे (सर्वाधिकारी खात्याचे) अधिकार मिळतात. सामायिक संगणकावर रूटलेस पद्धतच निवडावी. तिच्यात डॉकरची सेवाही साध्या वापरकर्त्याच्या अधिकारात चालते.