कासाराचे दोन धंदे आणि मिनाकाम

आपल्या भाषेत 'कासार' या एकाच शब्दात दोन धंदे मावतात : तांब्यापितळेची भांडी आणि काचेच्या बांगड्या. दुकानात मात्र तांबे एका फळीवर व काच दुसऱ्या. ती दोन्ही एकजीव होतात मिनाकामात. जयपूरचे मिनाकाम सोन्याचांदीवरचे, म्हणून ते आपल्याला दूरचे वाटते; पण तेच काम तांब्याच्या पत्र्यावर, गॅसच्या ज्योतीवरही होते. आणि तांबे आपल्याला परके नाही. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे. भंडाऱ्याचे पितळ याहून जवळचे खरे, परंतु त्यात जस्त फार. तापवताना मिन्याला फोड येतात.

मिना म्हणजे दळलेली काचच. कोबाल्टने ती निळी होते, तांब्याच्या भस्माने हिरवी. पत्रा चिंच-मिठाने घासून धुतला की त्याला बोट लावायचे नाही, कारण तेलकट डागावर मिना धरत नाही. मग गोंदाचे पाणी लावून भुकटी बारीक चाळणीने पेरतात व पूर्ण वाळू देतात. पत्रा जाळीच्या तिवईवर ठेवून ज्योत खालून द्यायची. ती वरून काचेला लागली तर रंग काळवंडतो. प्रथम भुकटी काळसर होते, मग साखरेसारखी रवाळ, मग संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत, आणि ७५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या सुमारास एकदम चकचकीत. भट्टीच्या बंद दारामागे हे काही दिसत नाही. माझ्या मते शिकणाऱ्याने ज्योतीवरच सुरुवात करावी.

या थरावर काचेचे मणी, धागे किंवा तुकडे मांडून पुन्हा तापवले की ते त्यात रुततात. फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे वापरावेत, असे कोणाच्याही मनात येईल. येथेच खरी अडचण आहे. एक मीटर लांबीची तांब्याची पट्टी १०० अंशांनी निवाली तर सुमारे १.७ मिलिमीटर आखडते. साधी काच जेमतेम ०.९. मिन्याची काच मुद्दाम अशी बनवतात की ती साध्या काचेपेक्षा जास्त, पण तांब्यापेक्षा कमी आखडावी. म्हणजे निवताना तांबे तिला दाबून धरते, आणि काच दाब सोसते, ताण सोसत नाही. बांगडीच्या काचेचे हे माप मिन्याशी जुळेलच असे नाही. जाड तुकडा त्या दिवशी शाबूत दिसतो आणि पुढे कधीतरी तडकतो. म्हणून तुकडे बारीक घ्यावेत आणि आधी टाकाऊ पत्र्यावर पाहून काही दिवस ठेवावेत. पत्र्याच्या मागील बाजूसही मिन्याचा थर द्यावा. एकाच बाजूला दिला तर पत्रा वाकतो व मिन्याचे कपचे उडतात.

काही मिन्यांत शिसे असते. भुकटी चाळताना नाकातोंडावर फडके नुसते बांधून भागत नाही, धुळीसाठीचा मुखवटाच हवा. आणि असा मिना जेवणाच्या ताटवाटीला कधीही लावू नये.