ग्राहकाला वाली कोण?

५ ऑक्टोबर २००५ रोजी अमेरिकेतील ‘लेव्हल थ्री’ या इंटरनेट कंपनीने ‘कोजंट’ या प्रतिस्पर्धी कंपनीशी असलेली थेट जोडणी तोडली. परस्परांची वाहतूक विनामूल्य स्वीकारावी, असा दोघींचा समझोता होता. कोजंटकडून येणारा भार प्रमाणाबाहेर आहे, सबब तिने मोबदला द्यावा, हे लेव्हल थ्रीचे म्हणणे कोजंटने मानले नाही. परिणामी, या दोहोंपैकी एकाच कंपनीवर विसंबून असलेल्या ग्राहकांना पलीकडच्या जाळ्यातील संकेतस्थळे दुरावली. दोन-तीन दिवसांत जोडणी पूर्ववत झाली व महिनाअखेरीस करारही झाला. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, ही म्हण येथे उलटी ठरली.

अशा तंट्यात नियामक असला, तरी ग्राहकाचे भागतेच असे नाही. भारतात २०१६ मध्ये जिओच्या ग्राहकांचे दूरध्वनी अन्य कंपन्यांच्या जाळ्यांत शिरेनात, तेव्हा ‘ट्राय’ने एअरटेल, व्होडाफोन व आयडिया यांना एकूण ३,०५० कोटी रुपये दंडाची शिफारस केली. तो दंड भरण्याचा आदेश निघण्यास २०२१ साल उजाडले. शिवाय असा दंड सरकारजमा व्हायचा; ताटकळलेल्याच्या पदरी काय?

मासिक शुल्क भरणारा ग्राहक केवळ एका कंपनीची तार विकत घेत नाही. जगाशी जोडले जाण्याचे आश्वासन विकत घेतो. कंपन्यांनी मोबदल्यासाठी खुशाल भांडावे. परंतु निवाडा होईतो जोडणी चालू ठेवण्याचे, आणि ती तोडल्यास ग्राहकाला भरपाई देण्याचे बंधन कायद्याने घातलेच पाहिजे.