मिठागरातलं शेवाळ मिठात मरत कसं नाही?

उधाणाच्या भरतीत बंदिस्तीला खांड गेली की खाडीचं पाणी शेतात घुसतं. मग भात करपतो आणि पुढची काही वर्षं जमीन धड पिकत नाही. मिठागरात मात्र पाणी आटून घट्ट झालं की त्याला तांबूस रंग चढतो, कारण तिथं जीव वाढत असतात. त्यातलाच एक म्हणजे ‘ड्युनालिएला सलायना’ हे एकपेशीय शेवाळ. हे खरं तर हिरवं शेवाळ. पण कडक ऊन आणि खारटपणा वाढला की त्यात बीटा कॅरोटिन साठतं (गाजरात असतं तेच) आणि हिरवा रंग झाकला जातो.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. मीठ धरायच्या बेतातल्या पाण्यात ते 300 ग्रॅमच्या घरात जातं. एवढ्या मिठात पेशीचं काय होतं ते घरोघरी माहीत आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, फोडी आक्रसतात. भाताच्या मुळांनाही खाऱ्या जमिनीतून पाणी ओढता येत नाही. वर सोडियम पानांपर्यंत चढतं ते वेगळंच.

या शेवाळाला तर इतर वनस्पतींसारखी बाहेरची कडक भिंतही नाही, नुसतं पातळ आवरण. पाणी खारट झालं की पेशी काही मिनिटांत आक्रसते. मग ती ग्लिसरीन बनवू लागते. हिवाळ्यात फुटलेल्या ओठांना लावतात तेच हे ग्लिसरीन. बाहेर जेवढं मीठ, त्याच्या तोडीस तोड आत ग्लिसरीन, म्हणजे पाणी बाहेर ओढलं जात नाही. काही तासांत पेशी पुन्हा टम्म होते. अतिखारट पाण्यात तर तिच्या आतल्या रसात निम्म्याच्या आसपास ग्लिसरीनच असतं. ते आवरणातून सहसा झिरपत नाही, आणि आत शिरलेलं सोडियम पेशी बाहेर फेकत राहते. पाऊस पडून पाणी गोडं झालं की उलटा कारभार: ग्लिसरीनचं पुन्हा स्टार्च.

लालसर पाणी दिसलं की हेच शेवाळ, असं मात्र नाही. जून 2020 मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा आधी शेवाळावरच बोट ठेवलं गेलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव निघाले. त्यांची तऱ्हा निराळी, ते पेशीत पोटॅशियम भरून घेतात.

मग भातालाच ग्लिसरीन बनवता आलं तर? अडचण खर्चाची आहे. शेवाळ आपल्या कमाईचा मोठा वाटा ग्लिसरीनवर घालवतं, भाताला त्याच कमाईतून मुळं, पानं आणि दाणे भरायचे असतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या ‘पनवेल 1, 2, 3’ या जाती बऱ्यापैकी खार सोसतात, पण शेतात समुद्राचं पाणीच उभं राहिलं तर त्यांचाही निभाव लागत नाही.