एट माइल रोडच्या दोन बाजू

ऑगस्ट २०२२ मध्ये श्री ठाणेदार यांनी डेट्रॉईटमधली डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी जिंकली आणि आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचा नुसता पाऊस पडला. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला, १९७९ मध्ये शिकायला अमेरिकेत आलेला माणूस इथल्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये जाणार! त्यांचं ‘ही श्रीची इच्छा’ हे पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. त्या वर्षीच्या गणपतीत आरतीनंतर प्रसाद घेताना सगळ्यांच्या तोंडी हाच विषय होता.

ऑफिसमध्ये मात्र त्याच निकालाची दुसरी बाजू ऐकायला मिळाली. माझा एक सहकारी कृष्णवर्णीय आहे, डेट्रॉईटमध्येच लहानाचा मोठा झालेला. त्याने माझं मनापासून अभिनंदन केलं, आणि मग शांतपणे म्हणाला की आमच्या घरात आज जरा सुतकी वातावरण आहे. १९५५ पासून डेट्रॉईटमधून किमान एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये जात होता. ज्या शहरात दर चार माणसांमागे तीनहून अधिक कृष्णवर्णीय आहेत, त्या शहराची ही परंपरा आता तुटणार होती. प्रायमरीत नऊ उमेदवार होते, बहुतेक कृष्णवर्णीय. मतं फुटली आणि ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर पुढे निघाले. त्यांनी प्रचारात स्वतःचे लाखो डॉलर ओतले होते, हेही खरंच.

पण गोष्ट इथे संपत नाही. खरी गंमत नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत आहे. तिथे ठाणेदारांसमोर रिपब्लिकन पक्षाचे मार्टेल बिव्हिंग्ज उभे होते. ते कृष्णवर्णीय, डेट्रॉईटचे. तरीही ठाणेदारांना सुमारे ७१ टक्के मतं पडली. त्याच दिवशी शेजारच्या, बहुसंख्य गोऱ्या मतदारांच्या दहाव्या मतदारसंघात रिपब्लिकन जॉन जेम्स यांनी डेमोक्रॅट कार्ल मार्लिंगा यांना दोन हजारांहून कमी मतांनी हरवलं. जेम्स कृष्णवर्णीय, मार्लिंगा गोरे. म्हणजे कृष्णवर्णीय शहराने कृष्णवर्णीय उमेदवाराला पाडलं आणि गोऱ्या उपनगरांनी कृष्णवर्णीय उमेदवाराला निवडून दिलं. दोन्हीकडे उमेदवाराच्या रंगापेक्षा पक्षाची निशाणी भारी ठरली.

मग अमेरिकेच्या राजकारणात वंशाचा प्रश्न संपला म्हणायचं का? तसं अजिबात नाही. कोणता भाग कोणत्या पक्षाचा, हे ठरण्यातच तो मुरलेला आहे. ते समजून घ्यायला डेट्रॉईटची उत्तर सीमा असलेला एट माइल रोड पुरेसा आहे. रस्त्याच्या दक्षिणेला डेट्रॉईट, उत्तरेला ओकलंड आणि मकोम या उपनगरी काउंट्या. या रस्त्याच्या दक्षिणेला अगदी जवळ एक भिंत आजही उभी आहे, सहा फूट उंच, साधारण अर्धा मैल लांब. १९४१ मध्ये एका बिल्डरला तिथे गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती असल्यामुळे सरकारी गृहकर्जाची हमी मिळेना. मध्ये भिंत घातली आणि हमी मिळाली.

मकोम काउंटी मोटार कारखान्यांतल्या गोऱ्या कामगारांची. १९६० मध्ये तिने केनेडींना सुमारे ६३ टक्के मतं दिली होती, म्हणजे पक्की डेमोक्रॅटिक. १९६४ मध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. १९६७ मध्ये डेट्रॉईटमध्ये दंगल झाली, ४३ माणसं मेली. आधीच सुरू झालेलं गोऱ्यांचं स्थलांतर आणखी वेगाने होऊ लागलं. पुढे शाळांमधला वंशभेद मोडण्यासाठी शहर आणि उपनगरांतली मुलं बसने एकमेकांच्या शाळांत न्यायचा आदेश एका केंद्रीय न्यायाधीशाने दिला. त्यावर उपनगरं पेटली. १९७२ मध्ये मिशिगनची डेमोक्रॅटिक प्रायमरी कोणी जिंकावी? अलाबामाचे जॉर्ज वॉलेस, ज्यांनी वंशभेदाच्या बाजूने राजकारण उभं केलं होतं, त्यांनी! शेवटी १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की शहराच्या प्रश्नासाठी उपनगरांच्या शाळांना ओढता येणार नाही. एट माइलची रेघ अशी कायद्याने पक्की झाली.

१९८४ मध्ये याच मकोमने रिपब्लिकन रेगन यांना जवळजवळ दोन तृतीयांश मतं दिली. हे काय झालं, ते शोधायला स्टॅन्ली ग्रीनबर्ग हे अभ्यासक १९८५ मध्ये तिथल्या कामगारांशी बोलले. त्यांच्या लक्षात आलं की ‘सरकारी मदत’, ‘गुन्हेगारी’, ‘शहर’ असे साधे शब्दसुद्धा या लोकांच्या कानाला ‘काळे’ असेच ऐकू येतात. प्रचार करणाऱ्यांना हे कळायला वेळ लागला नाही. १९८८ मध्ये थोरल्या बुश यांच्या समर्थक गटाने विली हॉर्टन या कृष्णवर्णीय कैद्याचा फोटो टीव्हीवरच्या जाहिरातीत दाखवला. सुट्टीवर सोडलेल्या या कैद्याने पुढे भयंकर गुन्हा केला, असा मुद्दा होता. जाहिरातीत वंशाबद्दल एक शब्द नव्हता. फोटोच पुरेसा होता.

आपल्याकडे मतदारसंघाचं जातीचं गणित चहाच्या टपरीवरही उघडपणे मांडलं जातं. इथे ते मोठ्याने बोलायचं नसतं. एवढाच काय तो फरक!

आता कोणी म्हणेल, हा सगळा रिपब्लिकनांचा खेळ. डेमोक्रॅट काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. दक्षिणेत वंशभेदाचे कायदे अनेक दशकं त्यांच्याच पक्षाने टिकवले होते. आजही कृष्णवर्णीय मतं ते गृहीत धरतात. २०२० च्या प्रचारात बायडन एका मुलाखतीत म्हणाले, मला की ट्रम्पना हेच ठरत नसेल तर तुम्ही कृष्णवर्णीय नाहीच. नंतर त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. मिशिगनमध्ये तर याहून मोठी गोष्ट घडली. २०१८ मध्ये मतदारांनी मतदारसंघांच्या सीमा आखण्याचं काम आमदारांकडून काढून नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाला दिलं. आधीच्या रिपब्लिकन नकाशात डेट्रॉईटचे मतदार मोजक्या मतदारसंघांत कोंबलेले होते. आयोगाने ते उपनगरांत वाटले. २०२२ मध्ये डेमोक्रॅटांनी गव्हर्नरपद राखलं आणि राज्याची दोन्ही सभागृहंही जिंकली. हे तिन्ही हाती येण्याची सुमारे ४० वर्षांतली ती पहिलीच वेळ. पक्षाचा फायदा झाला, पण डेट्रॉईटचे कृष्णवर्णीय मतदार अनेक ठिकाणी अल्पसंख्य झाले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने डेट्रॉईट परिसरातले राज्य विधिमंडळाचे १३ मतदारसंघ रद्द ठरवले, कारण ते वंशाचा आधार घेऊन आखले होते. काँग्रेसचे मतदारसंघ त्या खटल्यात नव्हते, पण डेट्रॉईटचे तुकडे करून त्यांना उपनगरं जोडण्याची रीत तिथेही तीच होती. ठाणेदारांचा मतदारसंघ त्यातलाच.

या सगळ्यात एक चांगली गोष्टही आहे. माणसं कायमची एका खणात बसत नाहीत. २००८ आणि २०१२ मध्ये त्याच मकोमने ओबामांना बहुमत दिलं. २०१६ मध्ये तीच ट्रम्प यांच्याकडे सुमारे ४८ हजारांच्या आघाडीने गेली, आणि ट्रम्प यांनी अख्खं मिशिगन राज्य जिंकलं ते फक्त १०,७०४ मतांनी. म्हणूनच दर चार वर्षांनी सगळ्यांची नजर या काउंटीवर असते.

सॉफ्टवेअरवाला म्हणून मला प्रचाराची पुढची पायरी जास्त खुणावते. मिशिगनच्या मतदारयादीत मतदाराचा वंश लिहिलेला नसतो, पक्षही नसतो. मग कंपन्या आडनाव आणि पत्ता यांवरून अंदाज बांधतात. जनगणनेतली आडनावांची आकडेवारी घ्यायची, वस्तीची आकडेवारी घ्यायची आणि शक्यता काढायची. पाटील किंवा कुलकर्णी ओळखायला तर फार डोकंही लागत नाही. २०२४ मध्ये एकाच गटाने मिशिगनच्या अरब आणि मुस्लिम मतदारांना कमला हॅरिस इस्रायलच्या कट्टर समर्थक असल्याच्या जाहिराती दाखवल्या, आणि पेनसिल्व्हेनियातल्या ज्यू मतदारांना त्या पॅलेस्टिनी बाजूला झुकल्याच्या. पूर्वी एक जाहिरात सगळे बघत, निदान तिच्यावर भांडता तरी येई. आता शेजाऱ्याला काय दाखवलं गेलं, हेच आपल्याला कळत नाही.

आमच्या मंडळातले एक काका नेहमी म्हणतात, “अरे, हा गोऱ्या-काळ्यांचा वाद, आपण कशाला मध्ये पडायचं?” काकांचा मी आदर करतो, पण हे मला पटत नाही. आपण मधेच राहतो. ट्रॉय, नोव्ही, फार्मिंग्टन हिल्स या ओकलंडच्या गावांत मराठी माणूस घर घेतो तेव्हा पहिल्यांदा काय बघतो? शाळेचं रेटिंग! त्या शाळेची हद्द जिथे संपते ती रेघ १९७४ च्या निकालाने टिकली आहे. त्या रेघेचा फायदा आपल्या मुलांना रोज मिळतो.

ठाणेदारांच्या विजयाचा मला आजही आनंद आहे, तो काही कमी झालेला नाही. एका मराठी माणसाला डेट्रॉईटने मत दिलं, यात त्या शहराचंही मोठेपण आहे. मात्र त्या आनंदात शहराने काय गमावलं, तेही आपल्याला ठाऊक असावं. मी ग्रीनकार्डवर आहे, मला मत नाही. माझी मुलगी इथलीच नागरिक आहे, काही वर्षांत तिला मत असेल. तेव्हा एखाद्या जाहिरातीत ‘शहरातली गुन्हेगारी’ किंवा ‘तुमच्या शाळा वाचवा’ असं आलं, तर ते रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभं राहून कोणाबद्दल बोललं जातंय, एवढं तिला ओळखता यावं. मग मत तिने कोणत्याही पक्षाला द्यावं.