डिस्चार्ज मिळाला, उपचार संपले नाहीत

मुलाच्या कॅन्सरवर केमोथेरपी महिनोन्‌महिने चालते. दोन डोसांच्या मधे डिस्चार्ज मिळतो. मग गावाकडचे कुटुंब परळच्या फुटपाथवर दिवस काढते, नाहीतर उपचार अर्धवट सोडून परतते. केमोने पांढऱ्या पेशी घटतात. अशा वेळी साधा संसर्गही मुलाच्या जिवावर बेततो.

'सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स' ही धर्मादाय संस्था २००६ पासून मुंबईत अशा मुलांना आईवडिलांसह मोफत ठेवते. स्वच्छ खोली, स्वयंपाकाची सोय, रुग्णालयात ने-आण, सारे मिळते. प्रवेश रुग्णालयामार्फतच होतो. म्हणून टाटा रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना पहिल्याच दिवशी भेटा.

ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. मूल हसू-खेळू लागले, तरी डोस चुकवू नका. गावाहून उपचारासाठी आलेल्या नातलगांनाही हे सांगा.