अहो, हे ते सावरगाव नव्हे!

मैत्रिणींनो, एसटी स्टँडवर एखादी बाई पिशवी सांभाळत गोंधळून उभी दिसली, तर तुम्ही काय करता? खरं सांगा हं! आपण बहुतेकजणी तिच्याकडे एकदा पाहतो, 'येत असेल कोणी न्यायला' असं मनाशी म्हणतो आणि आपल्या वाटेला लागतो. मीही तेच केलं होतं. वीसेक पावलं गेलेही होते.

गोष्ट २०२४ च्या पोळ्याची. माझं माहेर नरखेड तालुक्यातलं सावरगाव. काटोलहून एसटीत बसले, तेव्हा पलीकडच्या बाकावर एक तरुण बाई होती, मांडीवर चारेक वर्षांचा मुलगा. आम्ही दोघीही सावरगावला उतरलो. दिवेलागणीची वेळ, पावसाची भुरभुर, गावात बैलांची मिरवणूक. मी निघाले तोच मागून आवाज आला, ''ताई, नदीवरचा पूल कुठीसा आहे वो?''

पूल? आमच्या गावात खुणेनं सांगावा असा कुठला पूल! मी म्हटलं, ''कोणाकडे जायचंय?'' ''बहिणीकडे. पुलाजवळच घर आहे म्हणे. उद्या गोटमार पाहाले बोलावलं.''

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिला हवं होतं ते सावरगाव पांढुर्ण्याला लागून असलेलं, मध्य प्रदेशातलं! पांढुर्णा आणि ते सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून दोन्ही काठांवरून दगडफेक होते. तीच गोटमार. दरवर्षी माणसं जखमी होतात, जीवही गेले आहेत. तरी पाहायला गर्दी लोटतेच. बाई आली होती यवतमाळकडून. तिनं 'सावरगाव' म्हटलं, तिकीटही सावरगावचंच मिळालं. आता यात चूक कोणाची म्हणायची? आपल्या महाराष्ट्रात सावरगावं काय थोडी आहेत!

म्हणून सांगते, कोणी वाट विचारली तर नुसतं गावाचं नाव ऐकून हात दाखवू नका. शेजारचं मोठं गाव कोणतं, घराजवळ खूण काय, हे विचारा. पुलाचा शब्द निघाला नसता, तर मी तिला सरळ वेशीकडे पाठवून मोकळी झाले असते.

ऐकल्यावर ती मटकन खालीच बसली. मोबाइल बंद पडलेला, बहिणीचा नंबर पाठ नाही. आजकाल कोणाला असतो म्हणा! मला दया आली आणि मी एक वेडेपणा केला. पर्समधून दोनशेची नोट काढून तिच्यासमोर धरली. तिचा चेहरा असा उतरला, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ''पैसे आहेत वो माह्याजवळ,'' एवढंच म्हणाली. होतेही, पण मोजके. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे ना, त्याच हिशेबानं ती निघालेली. राज्याची हद्द ओलांडली की ती सवलत संपते, हे तिच्या गावीही नव्हतं.

मग सुचलं ते शहाणपणाचं होतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तिचाच मोबाइल चार्जिंगला लावला. पाच-दहा मिनिटांत तो सुरू झाला आणि ती स्वतः बहिणीशी बोलली. माझ्या फोनवरून मीच सगळं बोलून टाकलं असतं, तर तिकडच्यांना मी कोण वाटले असते? तिचा जावई फोनवर म्हणाला, रात्री निघू नका, उद्या रस्त्यावर बंदोबस्त असेल, रेल्वेनं या.

म्हणजे रात्रीचा प्रश्न उरला. मी दोघांना घरी घेऊन गेले. भावाच्या कपाळावर आठी! मला आत बोलावून म्हणाला, ''ओळख ना पाळख, उद्या काही गेलं-आलं तर?'' त्याचंही अगदीच खोटं नव्हतं. मी उत्तर शोधत होते, तोवर वहिनी पुरणाच्या हातानिशी ओसरीवर गेली. ''आता कुठी जातं वो बाई? पोरगं पेंगून राहिलं. ये आत.'' झालं! प्रश्न मिटला.

पण भाऊही पुढे कामाचं बोलला. त्यानं पोलीस पाटलांना कळवलं, आणि तिला सांगितलं, ''बहिणीला आमचं नाव, घर, माझा नंबर, सगळं सांगून ठेव.'' हे मला फार पटलं. आपण तिची पारख करत बसतो, पण परक्या घरात रात्र काढताना भीती तिलाही असतेच की! असं घर जवळ नसेल, तर महिलांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे नंबर आहेत. लावायला संकोच करू नका.

सकाळी ऑटोनं नरखेड स्टेशन गाठलं. नागपूर-इटारसी मार्गावरच्या गाडीनं नरखेडहून पांढुर्णा फार लांब नाही. मी तिकीट काढून तिच्या हातात दिलं. ते तिनं मुकाट्यानं घेतलं बरं का! नोट नको होती, तिकीट चाललं. डब्यात पांढुर्ण्याचंच एक म्हातारं जोडपं भेटलं, त्यांच्याशेजारी तिला बसवलं, आणि तिनं जावयाला फोन करून डबा सांगितला. तासाभरानं माझा फोन वाजला. पोचली होती. पुलापाशी मात्र पोराला नेणार नाही, म्हणाली. दगड लागायचा एखादा.

घरी परतले तर वेगळाच गोंधळ. त्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात, आणि माझ्या भाच्याचा बैल कुठेच सापडेना. रात्री त्या पोराला खेळायला दिला होता, तो त्याच्या पिशवीतून थेट पांढुर्ण्याला गेलेला! भाच्यानं रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी शेजारचा, एक शिंग मोडलेला बैल उसना आणून त्याला मिरवला.

दिवाळीच्या आधी यवतमाळकडून एक पुडकं आलं. आत तो बैल होता, नव्यानं रंगवलेला, गळ्यात खरी पितळी घुंगरं.