जुनी पिकअप हातात कशी राहील?

आता बहुतेक गावांत एखादी तरी जुनी पिकअप दिसते. लांब हौद्याची, दहा-पंधरा वर्षे राबलेली. कोणी तिच्यातून नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेतो, कोणी लासलगावला कांदा नेतो. गाडी जुनी झाली की चालक म्हणतो, "गाडी हातात राहत नाही. वळणावर मागचा भाग ओढतो. रिकामी असली की उड्या मारते." मग चार शहाणी माणसे एकच उपाय सांगतात, "अरे, मागे एक पाटा वाढव!"

हा उपाय आम्हाला पटत नाही. का, ते पाहू या.

बैलगाडी भरताना आपण काय करतो? ओझे आसावर तोलून धरतो. मागे जास्त भरले तर गाडी उलाळ होते. जू वर उचलते. बैलांच्या गळ्याला फास बसतो. त्यांना गाडी आवरत नाही.

पिकअपचेही तसेच आहे. इथे बैलांच्या जागी पुढची दोन चाके असतात. गाडी वळवतात तीच, आणि ब्रेक दाबल्यावर जास्त भार घेतात तीच. लांब हौद्याचा बराच भाग मागच्या आसाच्या मागे लोंबतो. समजा, पुढच्या आणि मागच्या आसांत ३ मीटर अंतर आहे. टोमॅटोचा एक क्रेट २० किलोचा धरा. असे १५ क्रेट, म्हणजे ३०० किलो माल, मागच्या आसाच्या १ मीटर मागे फाळक्यापाशी रचला. तर पुढच्या चाकांवरचे १०० किलो वजन कमी होते, आणि मागच्या आसावर ४०० किलो पडतात. माल तेवढाच, पण स्टिअरिंग हलके होते. चाक फिरवले तरी गाडी लवकर वळत नाही. घाटात असे झाले तर कठडा दूर नसतो.

पाटा वाढवला की हौदा वर उचललेला दिसतो. आपल्याला वाटते, गाडी सुधारली. पण आस जुनाच, टायर जुने, ब्रेकही जुनेच. रिकाम्या गाडीला तर ते पाटे दगडासारखे होतात. ओल्या रस्त्यावर मागची चाके उडतात आणि घसरतात. शिवाय काही गाड्यांत मागच्या आसाजवळ एक दांडी असते. हौदा किती खाली बसला त्यावरून ती मागच्या ब्रेकला कमी-जास्त जोर देते. पाटे ताठ केले की हौदा खाली बसत नाही. दांडीला वाटते, गाडी रिकामीच आहे. मग भरल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी लागतो.

म्हणून पहिला उपाय फुकटाचा आहे. जड माल खाली आणि केबिनला लागून रचा. हलका माल मागे ठेवा. दोरी आवळून बांधा. मालावर माणसे बसवू नका. पाच मजूर वर बसले म्हणजे साधारण ३०० किलो वजन गाडीच्या डोक्यावर चढले. वळणावर गाडी कलंडते ती अशा वजनाने. आणि गाडी कलंडली की आधी तीच माणसे फेकली जातात.

आता गाडीखाली वाका.

टायरची हवा थंड असताना मोजा, चाळीस किलोमीटर पळवून आल्यावर नको. हवा किती हवी ते कंपनीच्या पुस्तकात किंवा गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेले असते. भरल्या आणि रिकाम्या गाडीचे आकडे वेगळे असतील तर दोन्ही वहीत उतरवून घ्या. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली तर टायर कायद्यानेच बाद होतो. टायरवर चार आकड्यांची तारीखही असते. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२वा आठवडा. आकडे इंग्रजीत असतात. अडले तर शाळेत जाणाऱ्या पोराला विचारा. नक्षी चांगली दिसते म्हणून फार जुना टायर घेऊ नका. त्याचे रबर कडक होऊन चिरते.

मग पाट्यांची टोके पाहा. तिथले रबराचे बुश झिजले की आस इकडेतिकडे सरकतो, आणि मागचा भाग ओढतो तो बहुधा यामुळेच. आस जागेवर आहे का, हे सुतळीने कळते. पुढची चाके सरळ ठेवा. एका बाजूच्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत सुतळी धरा. दुसऱ्या बाजूलाही तसेच मोजा. फरक दिसला तर आस सरकलेला असू शकतो. पाट्यांतला मधला बोल्ट तुटला आहे का, ते मिस्त्रीला पाहायला सांगा.

शॉकअपवर तेल ओघळलेले दिसले तर तो संपला समजा. बदलताना दोन्ही बाजूंचे बदला. स्टिअरिंग ढिले वाटते का? एकाने ते थोडे थोडे हलवावे, दुसऱ्याने वाकून पुढचे सांधे पाहावेत. जो सांधा खटखटतो तो बदलावा. अलाइनमेंट यानंतर करावी. सांधे ढिले असताना केलेली अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात.

एखादा पाटा तुटलाच असेल तर तो जरूर बदला. पण कंपनीने जितके पाटे दिले तितकेच ठेवा. काम झाल्यावर गाडी चार-पाचशे किलोमीटर चालली की पाटे आवळणारे यू-बोल्ट पुन्हा एकदा कसून घ्या. नवे पाटे बसतात आणि बोल्ट सैल पडतात. मिस्त्री हे सांगायला विसरतो, तुम्ही विसरू नका.